मदत हवी आहे : ग्रीक-रोमन कालपट नेमका कुठे तोडायचा?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांसाठी ग्रीक-रोमन इतिहासाचा कालपट करतेय. जेवणाच्या टेबलावर कार्डशीटच्या तीन पट्ट्या चिकटवून पसरल्यात, पण पेन्सिलीच्या रेघा खोडून खोडून कागद पातळ झालाय.

सुरुवातीला फारसं अडलं नाही. खरी अडचण मधल्या भागाची. अलेक्झांडरच्या मृत्यूपासून (इ.स.पू. ३२३) क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंतचा (इ.स.पू. ३०) काळ ‘हेलेनिस्टिक’ (ग्रीक वळणाचा) म्हणून वेगळा काढला तो जर्मन इतिहासकार ड्रॉयझेन यांनी, १८३० च्या दशकात. म्हणजे त्या काळात जगणाऱ्या कुणालाच हे नाव माहीत नव्हतं! हे मुलांना सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पण मराठीत काय लिहू? ‘ग्रीकांश’ मुलांना कळेल का?

दुसरी अडचण शेवटाची. आम्ही शाळेत इ.स. ४७६ पाठ केलं, पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला ते वर्ष. पण पूर्व रोमन साम्राज्याची कॉन्स्टँटिनोपलची गादी तर १४५३ पर्यंत टिकली. शिवाय इतिहासकार पीटर ब्राउन यांच्या १९७१ च्या पुस्तकापासून तिसऱ्या ते आठव्या शतकाकडे ऱ्हास म्हणून न बघता ‘लेट अँटिक्विटी’ (प्राचीन काळाचा उत्तरार्ध) हा स्वतंत्र काळ म्हणून बघण्याची पद्धत रुजली. मला ती जास्त पटते. मग ४७६ ला ठळक रेघ मारू, की दोन रंग एकमेकांत मिसळू देऊ?

इतिहास शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही वर्गात काय करता? ‘लेट अँटिक्विटी’साठी सुटसुटीत मराठी शब्दही सुचवा. सोमवारी पट भिंतीवर लावायचाय.