३०४ स्टीलच्या टाकीला तांबूस डाग: पत्रा खोटा की पाणी खारे?

खवाभट्टी, तालुका भूम

नमस्कार. आमच्या महिला बचत गटाची खव्याची भट्टी आहे. मागील दिवाळीनंतर आम्ही एका फॅब्रिकेटरकडून ५०० लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या करून घेतल्या. एक दुधासाठी आणि दुसरी भांडी धुण्याच्या बोअरच्या पाण्यासाठी. दोन्हींचा पत्रा दीड मिलिमीटर जाडीचा ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात) असल्याचे बिलावर लिहिले आहे. दुधाची टाकी आजही आरशासारखी आहे. पाण्याच्या टाकीत मात्र चौथ्या महिन्यातच बुडाजवळच्या वेल्डिंगच्या कडेने तांबूस डाग उमटले, आणि गळते म्हणून तोटी खोलली तेव्हा रबरी वॉशरच्या खाली टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा खड्डे दिसले. चुंबक लावून पाहिला, तर सपाट पत्र्याला तो चिकटत नाही, पण वाकवलेल्या कडेला हलकेच ओढला जातो. त्यामुळे गटातील काही जणींचे म्हणणे आहे की आपल्याला हलका पत्रा लावला. फॅब्रिकेटर म्हणतो की दोष तुमच्या पाण्याचा आहे. खरे काय समजावे? नवीन टाकी ३१६ या वरच्या जातीची करावी काय? त्याचा दर ऐकून आम्ही गप्प बसलो आहोत. शिवाय पेढेवाले आता लोखंडी कढईऐवजी स्टीलच्या कढईचा आग्रह धरू लागले आहेत, त्याबद्दलही अनुभवी माणसांनी सांगावे.

आर्गॉनवाला, वाळूज

ताई, चुंबकावरून पत्र्याची जात ठरवू नये, हे मी दुकानात रोज कोणाला ना कोणाला सांगत असतो. ३०४ चा पत्रा मिलमधून येतो तेव्हा त्याला चुंबक लागत नाही. पण तोच पत्रा वाकवला किंवा ठोकून गोल केला की वाकलेल्या जागी त्याची आतली रचना थोडी बदलते आणि तेवढ्याच पट्ट्यात चुंबक ओढला जातो. म्हणजे तुमच्या टाकीची कड हा काही फसवणुकीचा पुरावा नव्हे. उलट ज्याची खरी भीती बाळगायची तो २०२ चा पत्राही चुंबकाला दाद देत नाही. ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के आणि मँगनीज जास्तीत जास्त २ टक्के असते. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून त्या जागी मँगनीज ७.५ ते १० टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते. निकेल महाग असल्यामुळे लबाडी होते ती याच ठिकाणी. पत्रा तपासण्याच्या द्रवाची लहान बाटली हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळते. पत्रा घासून त्यावर एक थेंब टाकायचा आणि छोटी बॅटरी लावायची; मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो. त्यावरही समाधान झाले नाही, तर पत्र्याचा तुकडा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या प्रयोगशाळेत देऊन स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे पत्र्यात कोणता धातू किती याचा अहवाल, घ्यावा. पुढच्या वेळी पत्रा तुमच्यासमोर वजन करून घ्या. आठ बाय चार फुटांची दीड मिलिमीटरची ३०४ ची शीट साधारण ३५ किलो भरली पाहिजे. यावरून जात कळत नाही, पण जाडीत मारलेली काटछाट कळते.

वेल्डिंगच्या कडेच्या डागांबद्दल माझा पहिला संशय ग्राइंडरवर आहे. ज्या चकतीने सकाळी लोखंडी गेट घासले, तीच चकती दुपारी स्टीलच्या सांध्यावर फिरवली की लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पाणी लागताच ते कण गंजतात. लोकांना वाटते स्टील गंजले. माझ्याकडे स्टीलच्या चकत्या निळ्या डब्यात वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या डब्याला पोरांनी हात लावला तर मी ओरडतो. दुसरे म्हणजे वेल्डिंगनंतर सांध्याच्या दोन्ही बाजूंना जो निळा-तपकिरी पट्टा उरतो, तो पिकलिंग पेस्टने काढावाच लागतो. ती पेस्ट तीव्र आम्लांची असते, हाडापर्यंत इजा करते, म्हणून घरी प्रयोग करू नये. वॉशरखालचे खड्डे मात्र या दोन्ही कारणांनी पडत नाहीत.

निवृत्त शिक्षक, धातुशास्त्र, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तर नेमके आहे. खड्ड्यांचे तेवढे मी लिहितो. आपल्याकडे “न गंजणारे पोलाद” असे म्हणण्याची सवय झाल्यामुळे गैरसमज होतो. ३०४ मधील लोखंड गंजू शकतेच. त्यातील सुमारे १८ टक्के क्रोमियम हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार करते, आणि हा थर ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा भरून येतो, एवढेच त्याचे रहस्य आहे. निकेल धातूला चिवट ठेवते, पत्रा वाकवताना व ओढताना फाटू देत नाही. या दोन आकड्यांवरूनच त्याला “अठरा-आठ” असे जुने नाव पडले.

आता हा थर कोठे हरतो ते पाहा. पाण्यातील क्लोराइड त्यावर ठिकठिकाणी हल्ला करते. उघड्या भिंतीवर थर लगेच दुरुस्त होतो. परंतु वॉशरच्या खाली, नटाच्या आट्यांत किंवा बुडाशी साचलेल्या गाळाखाली पाणी हलत नाही, तेथील ऑक्सिजन संपतो, क्लोराइड गोळा होत जाते, पाणी आम्लधर्मी बनते आणि मग तेथे खड्डा पडतो. तुमचे खड्डे वॉशरखालीच सापडले, हा योगायोग नाही. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी ३०४ चा ठोकताळा लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत, तर ३१६ चा सुमारे १००० मिलिग्रॅमपर्यंत मानला जातो, कारण ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. पाणी तापले की हे आकडे खाली येतात.

कोणी विचारील की दुधातही मीठ असते, मग दुधाची टाकी कशी चांगली राहिली? दुधात क्लोराइड साधारण ०.१ टक्का, म्हणजे लिटरला सुमारे १००० मिलिग्रॅम असते. बोअरच्या पाण्यापेक्षा बहुधा जास्तच. तरीही दुग्धव्यवसायात ३०४ सर्रास चालते, कारण दूध थंड असते, टाकीत काही तासच राहते आणि नंतर टाकी घासून, धुऊन, उपडी करून वाळवली जाते. ती वाळण्याची वेळ म्हणजे थराची दुरुस्तीची वेळ. पाण्याची टाकी तुम्ही कधी वाळवली होती काय? पाणी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून घ्या आणि अहवालातील क्लोराइडचा आकडा कळवा. टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही. जड पाणी आणि खारे पाणी यांत फरक आहे.

खवाभट्टी, तालुका भूम

उत्तरांसाठी सर्वांचे आभार. बाटली आणली, दोन्ही टाक्यांवर थेंब लाल झाला नाही, त्यामुळे फॅब्रिकेटरवर घेतलेला संशय मागे घेते. पाण्याच्या अहवालात क्लोराइड लिटरला ३४० मिलिग्रॅम आले आहे. टाकी वाळवण्याचे म्हणाल, तर चार महिन्यांत ती एकदाही पूर्ण रिकामी केली नाही. आणखी एक गोष्ट आधी लिहायची राहिली, कारण ती आम्हाला महत्त्वाची वाटली नव्हती. पाण्याला वास येऊ नये म्हणून आम्ही दर सोमवारी ब्लिचिंग पावडरची फडक्यात बांधलेली पुरचुंडी टाकीत सोडतो. ती बुडाशी, तोटीच्या बाजूला पडून असते.

निवृत्त शिक्षक, धातुशास्त्र

तीच पुरचुंडी! ३४० हा आकडा सीमेबाहेर असला तरी चार महिन्यांत खड्डे पाडण्याइतका उतावीळ नाही. ब्लिचिंग पावडर मात्र क्लोराइडही देते आणि जोरदार ऑक्सिडीकारकही असते. तिचा गाढा अर्क बुडाच्या सांध्यावर आठवडाभर बसून राहिला, तर पत्र्याची जात काहीही असो, तो टिकणे कठीण.

आर्गॉनवाला, वाळूज

सर, तरीही मी ३१६ एल च म्हणेन. पाणी ३४० चे आहे आणि पाऊस लांबला की बोअरचे पाणी आणखी खारे होते. कमी कार्बनचा एल घ्यायचा, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेत कार्बनने क्रोमियम बांधून घेऊन ते शेजारी कमी पडण्याची भीती नाही.

निवृत्त शिक्षक, धातुशास्त्र

आपल्या कारागिरीचा आदर राखून असहमती नोंदवतो. कार्बनमुळे होणारा दोष जाड पत्र्यात, धातू साधारण ४२५ ते ८६० अंश सेल्सिअसमध्ये बराच वेळ राहिला तर होतो. दीड मिलिमीटरचा पत्रा इतक्या लवकर थंड होतो की तेथे साधे ३०४ ही बहुतेक निभावते. आणि भांडी धुण्याचे पाणी साठवायला स्टीलच कशाला हवे? अन्नयोग्य प्लॅस्टिकची टाकी क्लोराइडला ओळखत नाही. ज्या भांड्याला दूध लागते त्यासाठी स्टीलचा पैसा राखून ठेवावा. पावडर घालायचीच असेल तर ती बादलीत विरघळवून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी घालावे, आणि त्या पाण्याने धुतलेली स्टीलची भांडी तशीच न ठेवता स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावीत.

आटवणारा, तालुका वाशी

कढईबद्दल अजून कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आमच्या भट्टीवर दोन वर्षांपासून ३०४ ची कढई आहे आणि पहिली कढई आम्ही भंगारात घातली, कारण ती दीड मिलिमीटरची होती. स्टील उष्णता फार हळू वाहून नेते. साध्या लोखंडी पत्र्याची वाहकता ५० च्या आसपास धरली तर ३०४ ची जेमतेम १६ भरते. म्हणून जाळ जेथे लागतो तेवढीच टिकली तापते, बाजूला उष्णता पसरत नाही, आणि खुरपे क्षणभर थांबले की तेथेच दूध लागते. शिवाय ३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा सुमारे दीडपट फुगते, त्यामुळे पातळ बूड मधोमध उचलले जाते आणि खुरपे कडेनेच फिरते. दुसरी कढई आम्ही ४ मिलिमीटरची केली, तेव्हा त्रास बराच उतरला. जाळ मात्र लोखंडी कढईपेक्षा मंद ठेवावा लागतो, आणि खवा गोळा होऊ लागला की लाकडे बाहेर ओढावी लागतात. त्या बदल्यात खव्याला काळसर झाक येत नाही, आणि पेढेवाल्यांना हवी असते ती हीच गोष्ट. बुडाला लागलेले तारेच्या लोखंडी घासणीने खरवडू नका. पाणी घालून उकळले की सुटते.

खवाभट्टी, तालुका भूम

चार मिलिमीटरची नोंद केली. पाण्यासाठी प्लॅस्टिकची टाकी घेत आहोत. शेवटचा प्रश्न: खड्डे पडलेली टाकी घासून-पुसून दुधासाठी वापरता येईल काय?

आर्गॉनवाला, वाळूज

दुधासाठी नको. त्या खड्ड्यांत ब्रश पोहोचत नाही आणि तेथे राहिलेले दूध पुढच्या दुधाला नासवते. बूड आणि तोटीची चकती कापून नवीन लावता येईल. नवा सांधा आतून घासून घ्या आणि वेल्डिंगचा पट्टा काढल्याशिवाय पैसे देऊ नका. तो खर्च नको असेल तर झाकण घट्ट बसते का ते पाहून तीत सरकी पेंड भरा. कोरड्या मालाला त्या खड्ड्यांचे काही नाही, आणि उंदीर दीड मिलिमीटरचा पत्रा कुरतडत नाहीत.