नोटरीकडून पावती घेतली का?
शपथपत्र, टायपिंग आणि घरी येणं मिळून नोटरीने दीड हजार रुपये घेतले, हे गैर का, असं एकाने विचारलंय. नुसत्या आकड्यावरून कसं ठरवणार? आधी त्या रकमेची फोड मागा, कशाचे किती ते. नोटरी नियम, 1956 मधल्या नियम 10 प्रमाणे फीचे दर ठरलेले आहेत, प्रवासखर्च वेगळा घेता येतो. टायपिंग बाहेरच्या टायपिस्टने केलं असेल तर तो व्यवहार निराळा. खरी मेख पावतीत आहे. फी आणि खर्चाची पावती देणं नोटरीला बंधनकारक आहे, दरपत्रकही दर्शनी जागी हवं. (आमच्या कोर्टाबाहेर टेबलं भरपूर, दरपत्रक एकाही टेबलावर नाही!) त्याच्या रजिस्टरातही घेतलेली फी नोंदवायची असते. तिथे शंभर आणि तुमच्याकडून दीड हजार निघाले, तर नियम 13 खाली सरकारकडे रीतसर तक्रार करा.