नववीच्या वर्गात कथेतली उत्कंठा कशी शिकवायची?

पाटीपुस्तक, ऐरोली

नववी, मराठी माध्यम, वर्गात ४२ मुलं. ३५ मिनिटांचे चार तास मिळतील. मुलांची भाषा बरी आहे, पण उत्कंठा म्हटलं की सगळ्यांची गाडी एकाच रुळावर: अमावस्येची रात्र, कुत्र्यांचं विव्हळणं, "आणि अचानक...", शेवटी आईची हाक आणि स्वप्न. 'उत्कंठावर्धक लिहा' असं सांगून काही होत नाही. लेखक नेमकं काय करतो हे दाखवता येईल आणि मुलांना लगेच वापरून बघता येईल अशी पद्धत हवी आहे. व्याख्या नकोत.

मागचा_बाक, ठाणे पश्चिम

पहिल्या तासाला फळ्यावर एवढंच लिहा:

आजोबांनी लिफ्टचं दार उघडलं आणि अचानक ते खाली कोसळले.

मुलं दचकतील आणि विसरतील. त्याखाली हे लिहा:

चौथ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार लिफ्ट नसतानाही उघडत होतं. वॉचमनने 'काम चालू आहे' अशी पाटी दाराला अडकवली आणि तो मेकॅनिकला आणायला गेला. पोरांना स्टंप हवा होता. पाटी गेली. ४०३ मधून आजोबा निघाले, छत्री राहिली म्हणून परत फिरले. चष्माही घरातच होता, पण तो त्यांना आठवला नाही.

अजून काहीच घडलेलं नाही. रात्र नाही, वारा नाही, 'भयाण' हा शब्दही नाही. आता एकेक वाक्य झाकून उतारा पुन्हा वाचायला लावा. चष्म्याचं वाक्य झाकलं तर ताण थोडा उतरतो. पहिलं वाक्य झाकलं तर सगळाच ताण जातो. उरतात छत्री विसरलेले आजोबा. मुलांची मुख्य अडचण इथेच असते: लपवलं की उत्कंठा वाढते असं त्यांना वाटतं. उलट धोका वाचकाला आधी कळावा लागतो, पात्राला कळता कामा नये. सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण (प्रेक्षकाला बॉम्ब माहीत, टेबलाशी बसलेल्यांना नाही) हेच सांगतं, पण वर्गात ते दिलंत तर पुढच्या ४२ कथांत ४२ बॉम्ब येतील.

मग तिसरा प्रकार: आजोबांनी स्वतःच पाटी काढली, पिशवीत ठेवली आणि ४०४ ची बेल वाजवली. आता पात्राला माहीत आहे, वाचकाला नाही. हे रहस्य. धक्का, उत्कंठा, रहस्य, तिन्ही एकाच लिफ्टमध्ये दिसली की व्याख्या मुलंच करतात. उरलेल्या दहा मिनिटांत प्रत्येक रांगेला एकेक प्रकार द्या, प्रसंग त्यांनी निवडायचा, मर्यादा पाच वाक्यांची. 'अचानक' आणि 'तेवढ्यात' या दोन शब्दांना त्या दिवशी बंदी.

तुर्भे_जंक्शन

वरच्याशी सहमत. लिहायला मात्र मुलांच्या ओळखीची जागा द्या, म्हणजे वर्णनात शब्द जात नाहीत. तुमच्या ऐरोलीच्या मुलांसाठी ट्रान्स-हार्बर लोकलचा मार्ग उत्तम. ठाण्याहून सुटणारी वाशी गाडी आणि पनवेल गाडी तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. पुढे एक सानपाडा-वाशीकडे वळते, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. वाशीला परीक्षेला निघालेली मुलगी पनवेल गाडीत बसली आहे. वाचकाला माहीत आहे, तिला नाही. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्याला उतरली तर वेळेत पोचेल. घड्याळाचा उल्लेखही न करता मुदत तयार.

पहिली हरकत मुलंच घेतील: "पण डब्यात अनाउन्समेंट होते!" ती उडवून लावू नका, अर्धा धडा त्यात आहे. पळवाट कथेच्या पहिल्या एक तृतीयांशातच बुजवायची असते. कानात इअरफोन आहेत, ती प्रमेय पाठ करतेय, हे दिघ्यालाच येऊन गेलं पाहिजे. तेच तुर्भ्याला लिहिलं तर वाचकाला लेखकाची लबाडी दिसते.

दुसरी चूक हमखास होते, प्रत्येक स्टेशनला एक परिच्छेद. तो प्रवास झाला, उत्कंठा नाही. कथा २५० शब्दांची असेल तर ठाणे ते घणसोली ८० शब्दांत उरका आणि पुढच्या दोन स्टेशनांवर १२० खर्च करा. तिथे लांबवायचं कशाने? पावसाने आणि ढगांनी नाही, ते वाचक गाळतो. पात्राच्या हातून काहीतरी घडलं पाहिजे, आणि शक्यतो चांगलं. तिला खिडकी मिळते, ती खूश होते, दारापासून आणखी लांब जाते. असे अडथळे तीनच. चौथ्याला वाचकाच्या लक्षात येतं की लेखक वेळ काढतोय.

आता तो स्वप्नाचा शेवट. नुसती बंदी घातली तर त्याजागी चक्कर येऊन पडणं येतं. त्यापेक्षा शेवट आधी एका ओळीत लिहून घ्या आणि तिथून मागे या. समजा शेवट असा: भाजीची टोपली घेतलेल्या मावशी तुर्भ्याला म्हणतात, "पोरी, जरा हात लाव," ती टोपली धरून फलाटावर उतरते आणि गाडी सुटते. या मावशी तुर्भ्याला उगवल्या तर तो योगायोग. त्या ऐरोलीलाच दिसल्या पाहिजेत, तेही गर्दीच्या वर्णनात, दोन माणसांच्या मधे. यादीत मधे ठेवलेली गोष्ट वाचतात सगळे, तिच्यावर थांबत कुणी नाही.

शाई_सांडली, नेरूळ

लिहिण्याआधी एक तास वाचनाला द्या. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घरी वाचायला सांगा. वर्गात कापून वाचायला डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'द मंकीज पॉ' (१९०२) सोयीची. कथा तीन भागांत आहे, तुमच्या शब्दांत मराठीत सांगितली तरी चालते, फक्त कापायच्या जागा चुकवू नका. पाहुणा तीन इच्छा पुरवणारा माकडाचा वाळका पंजा आगीत फेकतो, घरमालक झडप घालून बाहेर काढतो: थांबा. अनोळखी माणूस फाटकाशी तीनदा घुटमळून पुढे जातो, चौथ्यांदा फाटकावर हात ठेवतो: थांबा. शेवटच्या भागात दारावर थाप पडते: थांबा.

प्रत्येक थांब्यावर मुलांनी चिठ्ठीवर एक प्रश्न आणि एक अंदाज लिहायचा. प्रश्न बहुतेकांचा सारखा आणि अंदाज वेगवेगळे आले तर लेखकाचं काम झालं. प्रश्नच वेगवेगळे आले तर धोका पोचलेला नाही. अंदाजही सारखे आले तर पुढचं सगळ्यांना दिसतंय. हीच फूटपट्टी नंतर मुलांच्या कथांना लावता येते.

शेवटचं पान मात्र सावकाश वाचा. मेलेला मुलगा दाराशी आलाय असं समजून आई दार उघडायला जाते. वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून ती खुर्ची ओढते आणि त्याच वेळी बाप शेवटची इच्छा मागायला अंधारात जमीन चाचपत पंजा शोधतोय. दोघांच्या हातांची शर्यत आहे, आणि बाहेर कोण आहे ते जेकब्ज दाखवतच नाही. मुलं "कोण होतं?" म्हणून मागे लागतील. सांगू नका.

पाटीपुस्तक, ऐरोली

गाडीचा प्रसंग घेतेच. सिनेमाचा एखादा तुकडा दाखवला तर? आणि गुण कसे द्यायचे?

मागचा_बाक, ठाणे पश्चिम

ताई, दाखवायचा तर आवाज बंद करून. पार्श्वसंगीत निम्मं काम करून टाकतं आणि मग मुलं कागदावर "धडधड धडधड" लिहितात. माझं मत विचाराल तर तो वेळ लिहिण्याला द्या.

गुण दहापैकी: धोका पहिल्या ५० शब्दांत कळतो का, ३, लांबवणं पात्राच्या कृतीतून आलंय का, ३, शेवटाची तयारी आधी दिसते का, ३, शुद्धलेखन १. चौथ्या तासाला वह्या बदला, शेजाऱ्याने दोन तृतीयांश वाचून थांबावं आणि वरच्यासारखीच चिठ्ठी लिहावी. चिठ्ठी वाचून मूळ लेखकाने एकच परिच्छेद दुरुस्त करायचा. पूर्ण कथा पुन्हा लिहायला लावली तर ती नुसती सुंदर अक्षरात उतरवली जाते.

तुर्भे_जंक्शन

पुढच्या वर्षीच्या बोर्डासाठी एक पुरवणी. उपयोजित लेखनात अपूर्ण कथा पूर्ण करायची असते तेव्हा धोका बहुधा दिलेल्या ओळींतच असतो, आणि मुलं तो सोडून नवीनच काढतात. आधी त्या ओळींतल्या धोक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. तिथे जागा कमी, म्हणून अडथळा एकच.