९ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात, मुळाशी पू: काढायचा की वाचवायचा? (जळगाव-धुळे)

चोपड्याची आई:
माझा मुलगा दुसरीत असताना शाळेच्या ओट्यावरून तोंडावर पडला आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दोन दिवस दुखला, मग थांबला, म्हणून आम्हीही सोडून दिलं. आता तो दात राखाडी झालाय. वर हिरडीला पुळी येते, फुटते, पू जातो, पुन्हा येते. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे आणि मूळ पूर्ण तयारच झालेलं नाही, टोक नरसाळ्यासारखं उघडं आहे म्हणाले. एक तर दात काढा, नाहीतर 'रिव्हॅस्क्युलरायझेशन' (दातात पुन्हा रक्त आणायचा उपचार) करा, पण ते मी स्वतः केलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. हा नुसता प्रयोग तर नाही ना? आपल्याकडे कुठे होतं? पोरगा हसताना तोंडावर हात धरायला लागलाय, ते बघवत नाही.

अमळनेरकर:
ताई, दात काढानी घाई करू नका. मना भाचानं बी असंच व्हयेल व्हतं. त्याचं नाशिकला डेंटल कॉलेजात केलं, ३ वर्षं झाली. पहिल्या औषधानंतरच पुळी बसली. पण एक्स-रेसाठी वर्षा-दोन वर्षांच्या खेपा असतात, त्या चुकवायच्या नाहीत.

शिरपूरचा दातवाला:
मी रूट कॅनलच्याच विषयात एम.डी.एस. करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती काळी सावली. सावली म्हणजे दात गेला, असं नाही. १९६५ साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांची नस उघडी पाडली. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झालं. जंतूच नसलेल्या वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस जिवंत राहिली आणि वर नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) धरलं. पुढे १९७६ मध्ये सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण वरून अखंड असलेले दात तपासले. मुळाशी आजार होता तो जंतू सापडलेल्याच दातांना. म्हणजे खरे दोषी जंतू. त्यांना अडवताना शरीर स्वतःच तिथलं हाड मागे घेतं, ती जागा एक्स-रेत काळी दिसते. जंतू घालवले की बहुतेक वेळा हाड पुन्हा भरतं. कोणी नुसता एक्स-रे बघून 'सिस्ट (पाण्याची पिशवीसारखी गाठ) आहे, कापावं लागेल' म्हणालं तर थांबा. नायर यांनी १९९६ मध्ये २५६ दातांच्या मुळाशी असलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यात सिस्ट १५ टक्केच निघाल्या.

आता रिव्हॅस्क्युलरायझेशन कसं करतात ते. पहिल्या खेपेला दात आतून सौम्य हायपोक्लोराइटने (जंतू मारणारं द्रावण, साधारण १.५ टक्के) धुतात, फार खरवडत नाहीत, कारण भिंती आधीच पातळ असतात. आत औषध ठेवून १ ते ४ आठवडे थांबतात. दुसऱ्या खेपेला ईडीटीए नावाच्या द्रावणाने धुऊन, सुई मुळाच्या टोकापलीकडे किंचित नेऊन मुद्दाम रक्त आत आणतात. त्याची गुठळी बसली की वर सिमेंटचं झाकण. टोकाशी असलेल्या कोवळ्या ऊतीतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) बऱ्याचदा संसर्गातूनही वाचतात, त्या रक्ताबरोबर आत येतात. रक्ताच्या गुठळीची कल्पना १९६१ पासूनची, नायगार्ड-ऑस्ट्बी यांची. उघड्या टोकाच्या दातांसाठी ती वापरात आली ती २००१ मध्ये इवाया यांच्या आणि २००४ मध्ये बँक्स-ट्रोप यांच्या केसनंतर. म्हणजे नुसता प्रयोग नाही.

पण 'नवी नस येते' हे मी म्हणणार नाही. असे दात पुढे तपासले तेव्हा आत बहुधा सिमेंटम (मुळावरचा कठीण थर) आणि हाडासारखी ऊती दिसली, खरी नस नाही. पुळी जाणं आणि हाड भरणं याची आशा चांगली; मूळ किती लांब-जाड होईल याची हमी नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: वाचवा. इम्प्लांट जबड्याची वाढ संपल्याशिवाय बसवत नाहीत आणि दात काढला की तिथलं हाड झिजत जातं. हा दात दहा वर्षं टिकला तरी ते हाड राखून ठेवेल.

जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा. ॲड्रेनालीन नसलेलं भुलीचं इंजेक्शन ठेवता का? (ॲड्रेनालीनने रक्त नीट येत नाही.) आणि आत मिनोसायक्लिन (एक अँटिबायोटिक) असलेली पेस्ट भरणार का? तिने पुढचा दात काळवंडतो; कॅल्शियम हायड्रॉक्साइड चालतं.

पारोळा ७७:
माझ्या मुलीला कॅल्शियमचंच औषध दीड वर्ष बदलत राहिले. टोक बंद झालं, पण तेराव्या वर्षी मक्याचं कणीस खाताना दात हिरडीशीच तुटला. म्हणून विचारते, तेच औषध कसं सांगता?

शिरपूरचा दातवाला:
वाईट वाटलं वाचून. फरक मुदतीचा आहे. काही आठवडे चालतं. महिनोन् महिने ठेवलं तर मुळाच्या भिंती ठिसूळ होतात, हे आंद्रेआसेन यांनी २००२ मध्ये दाखवलं. त्यामुळे आता टोक बंद करायचंच असेल तर एमटीए नावाच्या सिमेंटचा बूच एक-दोन खेपांत बसवतात. चोपड्याच्या ताईंसाठी हा दुसरा चांगला पर्याय आहे. मूळ वाढणार नाही, पण आजार जातो.

भुसावळचा प्रवासी:
आमच्याकडे शिबिरात दुधाचे दात 'स्टेम सेल बँकेत' ठेवा म्हणून पैसे मागत होते. ते इथे उपयोगी पडेल का?

शिरपूरचा दातवाला:
पैसे देऊ नका. दुधाच्या दातात मूळ पेशी असतात, हे २००३ पासून माहीत आहे. चीनमध्ये त्या पेशी मार लागलेल्या दातांत घालून नस तयार झाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्धही झालं. पण ते संशोधन आहे, दवाखान्यातला उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला परवानगी आहे.

चोपड्याची आई:
धुळ्याच्या डेंटल कॉलेजात फोन केला, दोन्ही प्रश्न विचारले. मंगळवारी बोलावलंय. सकाळच्या एसटीने निघू. तोवर कळण्याची भाकरी बाजूच्या दातांनी खायला सांगितलंय. दीड वर्षापूर्वीचा एक्स-रे सापडला, तो न्यायचा का?

शिरपूरचा दातवाला:
नक्की न्या. मुळाची वाढ कधी थांबली ते त्यावरूनच कळेल.