रेकॉर्ड केलेला तास विद्यार्थी शेवटपर्यंत पाहत नाहीत. रचनेत नेमका बदल कुठे करावा?

प्रश्न: कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, भौतिकशास्त्र

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. टाळेबंदीच्या काळात रेकॉर्ड केलेले माझे तास यूट्यूबवर आहेत. त्यांचा उपयोग करून गेल्या वर्षीपासून अकरावीचा विद्युतधारेचा धडा मी उलट्या क्रमाने घेते, म्हणजे विवेचन विद्यार्थ्यांनी घरी पाहायचे आणि वर्गातला वेळ उदाहरणांसाठी ठेवायचा. प्रत्येक व्हिडिओ साधारण ४० मिनिटांचा आहे आणि सातव्या-आठव्या मिनिटाला निम्मे प्रेक्षक निघून गेलेले असतात, असे यूट्यूबचा आलेख दाखवतो.

वर्गात विचारले की सगळे "पाहिला, मॅडम" असेच सांगतात. ओहमच्या नियमावरची गणिते ते सोडवतातही. पण एकसर जोडलेल्या दोन सारख्या बल्बपैकी कोणता अधिक प्रकाश देईल, असे विचारल्यावर बॅटरीच्या धन टोकाजवळचा, असे उत्तर बहुसंख्य देतात. खरे तर दोन्हींतून सारखीच धारा जाते आणि दोन्ही सारखेच पेटतात, पण विद्युतधारा पहिल्या बल्बमध्ये खर्च होते आणि उरलेली पुढे जाते, हे चित्र त्यांच्या मनातून जात नाही. बरेच विद्यार्थी मराठी माध्यमातून दहावी झालेले आहेत, त्यामुळे विद्युतधारा, विभवांतर आणि रोध या ओळखीच्या संज्ञा त्यांना अकरावीत अचानक इंग्रजीत भेटतात, ही अडचण वेगळीच.

व्हिडिओचे लहान तुकडे करावेत, की एखादे नवे ॲप घ्यावे? वर्गात प्रोजेक्टर आहे, इंटरनेटचा मात्र भरवसा नाही.

उत्तर १: अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक

मॅडम, नुसते तुकडे करून फारसा फरक पडेल, असे मला वाटत नाही. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता, एवढाच निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासात असेही आढळले होते की वर्गातले जुने व्याख्यान कापून केलेले लहान व्हिडिओ हे मुद्दाम ऑनलाइनसाठी तयार केलेल्या व्हिडिओंइतके विद्यार्थ्यांना धरून ठेवत नाहीत. अर्थात, पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. शेवटपर्यंत पाहणारा विद्यार्थीही धारा खर्च होते असेच मानत राहू शकतो.

आयआयटी मुंबईने शिक्षकांसाठी चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्हिडिओच्या मध्येच थांबण्याची जागा ठेवण्याची पद्धत आहे. तिथे शिक्षक एक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो आणि पुढचे विवेचन त्या उत्तरांना धरून करतो. आपण हा बल्बचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारावा. विद्यार्थ्याने वहीत उत्तर आणि कारण लिहावे, आणि ती वही दुसऱ्या दिवशी वर्गात आणावी. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली वापरत असाल तर एचफाइव्हपी या साधनाने व्हिडिओतच प्रश्न बसवता येतो, परंतु आपल्या परिस्थितीत वही पुरेशी आहे. संज्ञांसाठी वेगळा व्हिडिओ करू नका. बोलताना दोन्ही शब्द वापरा आणि पडद्यावर दोन्ही शेजारी लिहा.

उत्तर २: माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक

वरील सरांशी मी सहमत आहे, फक्त एक गोष्ट आधी पाहावी. आमच्याकडे घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. मुलाच्या हाती तो रात्री नऊनंतर येतो, तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. यूट्यूबच्या आलेखात जे निघून गेलेले दिसतात, त्यांतले कंटाळून किती गेले आणि फोन परत द्यावा लागला म्हणून किती, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मी उपकरण वर्गातच आणि एकच ठेवतो.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विद्युत परिपथाची आभासी प्रतिकृती डाउनलोड करून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालते. हा प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. ती प्रतिकृती प्रोजेक्टरवर लावायची, पण स्विच लगेच दाबायचा नाही. आधी प्रत्येकाकडून अंदाज घ्यायचा. त्यासाठी मी प्लिकर्सची कागदी कार्डे वापरतो. कार्डाची जी बाजू वर धरली तो त्या मुलाचा पर्याय, आणि माझ्या फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे एकदम टिपतो. अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवता येत नाही. हार्वर्डचे एरिक माझूर यांच्या पद्धतीनुसार बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यावा आणि पुन्हा मत घ्यावे. हा वाद मराठीतच होतो. तो होऊ द्यावा.

आता एक धोका सांगतो. मी एकदा प्रतिकृतीऐवजी दुकानातून आणलेले टॉर्चचे दोन बल्ब आणि सेल घेऊन हाच प्रयोग केला. बल्ब नावापुरते सारखे होते. धन टोकाकडचा थोडा जास्त पेटला आणि वर्ग म्हणाला, "बघा सर, आम्ही म्हणत होतो." सुचले म्हणून मी दोन्ही बल्बच्या जागा बदलल्या. जास्त पेटणारा बल्ब ऋण टोकाकडे गेला तरी तोच जास्त पेटत राहिला. फरक जागेचा नसून बल्बचा आहे, हे त्या अदलाबदलीने जितके पटले तितके माझ्या स्पष्टीकरणाने कधी पटले नव्हते. प्रतिकृतीतले बल्ब मात्र खरोखर सारखे असतात, म्हणून सुरुवात तिथे करावी आणि खरे बल्ब नंतर आणावेत, पण आणावेतच.

उत्तर ३: निवृत्त शिक्षिका

एवढे सगळे एका तासिकेत बसत नाही, हेही कुणीतरी लिहायला हवे. दोन बल्ब, अंदाज, वाद आणि अदलाबदल यांत तासिका संपते आणि बारावीची परीक्षा व सीईटी मात्र गणितेच मागते. मी असते तर वर्षात असे चार-पाच प्रश्नच निवडले असते, ज्यांवर पुढचे धडे उभे आहेत तेवढेच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. आज वर्गात विचारले. व्हिडिओ अर्धवट सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी फोनचेच कारण सांगितले, ज्याचा मी विचारच केला नव्हता. जुन्या व्हिडिओंना आता हात लावत नाही. या धड्यासाठी पाच मिनिटांचा एकच नवा व्हिडिओ करते. त्यात प्रश्न असेल, उत्तर नसेल. ज्यांना तो पाहता येणार नाही त्यांच्यासाठी तोच प्रश्न आदल्या दिवशी फळ्यावर लिहीन. धन टोकाजवळचा बल्ब निवडणारे किती होते, ते आधी आणि नंतर मोजून इथे कळवते. वर्गात ऐंशी विद्यार्थी आहेत. तेवढ्या संख्येला प्लिकर्सची कार्डे पुरतात का, हे उत्तर २ मधील सरांनी कृपया सांगावे.