मदत हवी आहे: सीएनजी वॅगनआरला इरिडियम प्लग परवडतात का?

मंडळी, वॅगनआरचे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारे) बदलायची वेळ झाली आहे. गाडी सीएनजीवर, रोजचं पळणं पुणे-चाकण, म्हणजे निम्मा वेळ ट्रॅफिकमध्येच. मेकॅनिक म्हणतो, साधे निकेलचे टाका आणि विसरून जा. स्पेअरवाला इरिडियम गळ्यात मारतोय, किंमत तिप्पट-चौपट. (त्याचं कमिशन कशात जास्त, हे वेगळं सांगायला नको.)

मला समजलंय ते असं: आतला गाभा बहुतेक सगळ्यांत तांब्याचाच, फरक टोकाच्या धातूचा. निकेल साधारण १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम थेट २४४६ ला. म्हणून इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं, साध्या प्लगचं अडीचच्या आसपास असतं. टोक बारीक, तर ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. सीएनजी पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे तिथे हे पटतं. पण चांगल्या स्थितीतल्या इंजिनाचा पिकअप किंवा मायलेज नुसत्या प्लगने वाढतं, यावर माझा विश्वास नाही. खरा फायदा टिकाऊपणाचाच वाटतो.

तर, सीएनजीवर इरिडियम वापरणाऱ्यांनी सांगा, किती किलोमीटर टिकले? गॅप (ठिणगी पडते ती टोकाजवळची फट) कंपनीचाच ठेवलात की कमी केलात? प्लॅटिनमचा मधला मार्ग कुणी घेतलाय का? आणि नकली माल ओळखायचा कसा? ऑनलाइन घ्यायची हिंमत होत नाही.