‘ओव्हर-कन्स्ट्रेन्ड’ला मराठीत काय म्हणाल?

अडलेली_अनुवादक: आयटीआयच्या मुलांसाठी कॅडच्या (संगणकावरच्या आरेखनाच्या) टिपा मराठीत करतेय. दोन पट्ट्या, प्रत्येकीला दोन भोकं. पट्ट्या एकमेकींवर टेकवल्या, पहिलं भोक समकेंद्री केलं. आता वरची पट्टी नुसती त्या भोकाभोवती फिरते. दुसरं भोकही समकेंद्री करायला जावं तर एरर, कारण एका पट्टीत भोकांमधलं अंतर ८० मिमी आणि दुसरीत ८०.०१. या अवस्थेला मी ‘अतिबंधित जुळणी’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ‘अतिनिर्बंधित’ केलं. काय ठेवू?

कोशप्रेमी: बंधनच. निर्बंध म्हणजे मनाई, लॉकडाऊनमध्ये होते ते. पट्टीला मनाई कसली?

भोसरीचा_फिटर: ताई, दोन्ही शब्द पोरं वाचणार नाहीत. ‘जास्त मेट मारलेत’ लिहा, मेट म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दोन भाग जुळवायला घालतो ती अट. आणि दुसरा समकेंद्री मेट काढून कडा समांतर करा, एरर जाईल. फिक्स्चरमध्ये, म्हणजे जॉब (काम करायचा भाग) पक्का धरणाऱ्या साधनात, आम्ही तरी काय करतो? दोन्ही गोल पिना टाकल्या तर जॉब बसायची मारामार. म्हणून एक गोल, दुसरी डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी छाटलेली. ती दोन भोकांच्या रेषेत मोकळीक देते, फक्त फिरणं अडवते.

गडवेडा: मेट मराठीच आहे की! गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी म्हणजे मेट. इथेही वाट अडवायचंच काम.

कोशप्रेमी: ओढून ताणून. हा सरळ इंग्रजी ‘मेट’, जोडीदार. चौकीचा संबंध नाही.

गडवेडा: मग ‘मेटाकुटीला येणे’ तरी घ्या. पंचवीस मेट मारून मॉडेल लाल झालं की माणूस तिथेच पोचतो.

कोशप्रेमी: त्यातलं मेट म्हणजे गुडघा, असं मी ऐकलंय. तिसरंच प्रकरण.

अडलेली_अनुवादक: पण मेट ठरावीक सॉफ्टवेअरचाच शब्द झाला ना? दुसरीकडे कन्स्ट्रेंट म्हणतात, काही ठिकाणी जॉइंट. मला सगळ्यांना चालेल असा हवाय.

ठाणेकर_डिझायनर: ‘जखडणे’ घ्या. जास्त जखडलं, कमी जखडलं, पूर्ण जखडलं. क्रियापद हाताशी असलं की वाक्य चालतं. ‘अतिबंधित’चं क्रियापद करून दाखवा.

कोशप्रेमी: जखडलेलं हलत नाही. बिजागरी जखडली तर दार उघडणार कसं? एक फिरणं मुद्दाम सोडतात, त्यालाही बंधनच लागतं. शिवाय ‘जुळणी’ही चूक, ‘जोडणी’ हवं.

भोसरीचा_फिटर: जोडणी म्हटलं की आमच्याकडे वेल्डिंग समजतात.

कोशप्रेमी: अहो, आयटीआयमध्ये तुमच्या ट्रेडचं नावच ‘जोडारी’ आहे!

भोसरीचा_फिटर: फलकावर असेल. कारखान्यात ‘जोडारी’ म्हणून हाक मारा, एकही मान वळणार नाही.